नानांनी पाठवलेली अवजारं

पाचोऱ्याच्या फलाटावर नाना मला सोडायला आले होते की मोटार पोचवायला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. भडगावहून रिक्षाने निघालो तेव्हा माझ्या दोन बॅगांच्या मध्ये त्यांनी पाच एचपीची एक मोटार ठेवली. बांधून झालेली, पाचोऱ्याच्या एका गिऱ्हाइकाची. "जातोच आहोत तर," म्हणाले. लग्न होऊन परदेशी निघालेली मुलगी आणि दुरुस्त झालेली मोटार एकाच खेपेत उरकणारा बाप आमच्याच घरात जन्माला यायचा होता. गाडी आली. रवी, माझा धाकटा भाऊ, बॅगा चढवत होता. आई तोंडाला पदर लावून उभी होती. नाना खिडकीशी आले, गजांना हात लावून पाहिला, जणू तेही त्यांनाच दुरुस्त करायचे होते, आणि म्हणाले, "तठे लाइट जात नही म्हने. मंग तू काय करशी?"

मला इतका राग आला. मी म्हटलं, संसार करीन. नानांनी मान हलवली आणि गाडी सुटली.

आता सहा वर्षांनी वाटतं, प्रश्न तसा बरोबर होता. आमच्याकडे लाइट जाते, येते, आली तरी अर्धवट येते आणि विहिरीवरच्या मोटारी जळतात. त्या जळतात म्हणून आमचं घर चालतं. भडगावात स्टँडजवळ नानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, खाचांमध्ये बसवायची, दोऱ्याने बांधायची, वार्निश द्यायचं. जळगावला वाइंडिंगचा कोर्स करून मी चार वर्षं त्या दुकानात बसले. केळीवाले, कपाशीवाले लोक मोटार घेऊन यायचे आणि पोरगी तार भरतेय म्हणून आधी नानांकडे पाहायचे. नाना म्हणायचे, "तिच्याकडेच द्या, मना हात आता जाड शे." एवढंच कौतुक. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

दुकानात एक नियम होता, आणि तो मोडला की नाना तीन दिवस बोलत नसत. "तारले लोखंड दाखाडानं नही." तांब्याच्या तारेवर पातळ मुलामा असतो. त्याला स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा गेला की मोटार आज ना उद्या परत जळते. म्हणून तार खाचेत दाबायला बांबूची कामटी वापरायची, बोटाएवढी लांब, टोकाला घासून गुळगुळीत केलेली. नवीन शिकणाऱ्याला पहिले सहा महिने फक्त कामटी मिळते. पक्कड, छिन्नी, लोखंडाचं काहीही त्याच्या हाती देत नाहीत. मलाही सहा महिने कामटीच होती. पुढची गोष्ट समजायला एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

माझं लग्न ठरलं तेव्हा नाना गिऱ्हाइकांना सांगत फिरले, "हात तयार व्हयना का मानूस निंघी जास." नवऱ्याची नोकरी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवन नावाच्या गावी. तिथे पहिली दोन वर्षं मी काय केलं विचारू नका. सायकल शिकले, तिला इथे फीट्स म्हणतात. भाषेची परीक्षा दिली. पोळ्या केल्या. घरातला प्रत्येक मिक्सर, पंखा, हीटर उघडून पाहिला आणि बंद केला, कारण बिघडलेलं काहीच नव्हतं. नाना म्हणाले होते तेच झालं.

मग एका रविवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो. तिथे एका मोठ्या शेडमध्ये पिनबॉलची मशिनं मांडली होती. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कमरेएवढं उंच, तिरकं, काचेचं झाकण असलेलं टेबल असतं. आत स्टीलची एक गोळी धावते, खालून दोन छोट्या वल्ह्यांनी तिला परत वर मारायचं, ती कशाकशाला धडकते आणि घंटा वाजतात. खेळायची मला काही हौस नव्हती. पण एका मशिनापाशी गेले आणि नाकात ओळखीचा वास शिरला. जळालेल्या वार्निशचा. त्या वासाने मी अशी उभी राहिले की नवऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का. मी तिथल्या म्हाताऱ्याला माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, तुमची कॉइल जळतेय, मशिन बंद करा. त्याने हसून बंद केलं, झाकण उचललं. आत सगळं आमचंच दुकान. तांब्याची वेटोळी, दोऱ्याने बांधलेल्या तारांच्या जुड्या, पितळी पात्या. त्याचं नाव हेंक. दुसऱ्या आठवड्यापासून मी त्याच्या वर्कशॉपमध्ये कॉइल भरायला लागले, ती आजपर्यंत.

हे नानांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "खेळनं शे?" खेळणंच आहे, मी म्हटलं. "त्यानी बी मोटार जयस का?" जळते, म्हटलं. "मंग ठीक शे." त्यानंतर दर रविवारी आमचं कॉइलवर बोलणं व्हायचं. तार किती गेजची, किती वेढे, वार्निश कुठलं. सहा वर्षांत बापलेकीचं एवढं बोलणं त्या काळातच झालं असेल.

आणि मागच्या वर्षी आम्ही इथे घर घेतलं.

मी ती बातमी शनिवारी दिली. नाना म्हणाले, "बरं व्हयनं," आणि फोन आईकडे दिला. पुढच्या रविवारी फोन केला तर नाना फोनवर आले नाहीत. आई म्हणाली, शेतावर गेलेत. त्याच्या पुढच्या रविवारी आंघोळीला गेले होते. मग झोपले होते, मग कोणाच्या तरी दहाव्याला गेले होते. व्हिडिओ लाव म्हटलं तर आई म्हणायची, फोनचा कॅमेरा खराब झालाय. रवी जळगावला पाइपच्या कारखान्यात असतो. त्याला विचारलं तर म्हणाला, ताई, नाना आता तसेच झालेत, मनावर घेऊ नको.

मी मनावर घेतलं. दुसरं काय करणार? तिकडे घर घेणं म्हणजे परत न येणं, हे न कळायला नाना काही भोळे नव्हते. नियम मोडला की तीन दिवस न बोलणारा माणूस. हा नियम मोठा होता, म्हणून दिवसही जास्त, असा मी हिशेब लावला. कधी त्यांचा राग यायचा, कधी माझाच. नव्या घराच्या भिंतीला रंग देताना हातातला ब्रश तसाच धरून मी उभी राहायचे आणि मला कळायचं नाही की मी कोणाशी भांडतेय.

त्याच सुमारास हेंककडे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं एक मशिन आलं. जुन्या मशिनांत कॉम्प्युटर नसतो, सगळं पितळेच्या पातळ पात्यांवर चालतं. दोन पात्या टेकल्या की गुण वाढतो, सुटल्या की थांबतो. अशा शेकडो पात्या एकीवर एक रचलेल्या असतात. एखादी केसभर वाकवायची तर त्यासाठी खास अवजार लागतं. टोकाला बारीक चीर पाडलेली एक सळई. ती चीर पातीवर सरकवायची आणि मनगट जरासं फिरवायचं. विकत मिळणारं अवजार जाड होतं, ते मागच्या रांगेत शिरतच नव्हतं. हेंकने स्वतः दोन घासले, दोन्ही मोडले.

मी म्हटलं, माझे वडील करतील. तोंडातून निघूनच गेलं. पण बोलल्यावर बरं वाटलं, कारण त्यात माझा डाव होता. नाना मुलीशी बोलणार नाहीत, पण अवजाराचं माप चुकू नये म्हणून तरी बोलतील. मी कागदावर नीट चित्र काढलं, मापं इंच-सुतात लिहिली, कारण नानांना मिलिमीटर म्हणजे दवाखान्यातली भाषा वाटते. लांबी सहा इंच, टोक दोन सूत वाकडं, चीर हॅक्सॉच्या पात्याहून बारीक. सायकलच्या आऱ्याचं करा, असंही लिहिलं. फोटो रवीला पाठवला.

महिन्याने पार्सल आलं. हेंकच्या टेबलावरच उघडलं. आत तीन बांबूच्या कामट्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुम्हीच सांगा, काय समजायचं? पोलादी अवजार मागितलं आणि बापाने शिकाऊ माणसाची कामटी पाठवली. मला त्याचा एकच अर्थ लागत होता. तू पुन्हा पहिल्या पायरीवर, लोखंडाला हात लावायची तुझी लायकी नाही. इतका मोठा टोमणा इतक्या लांब, तोही कुरिअरने. हेंकने मात्र कामटी उचलली, चालू मशिनाच्या पात्यांना टोचून पाहिली आणि खूश झाला. बांबूतून वीज जात नाही, त्यामुळे मशिन चालू असतानाच कुठली पाती सैल आहे ते बघता येत होतं. "तुझे वडील हुशार आहेत," म्हणाला. मी म्हटलं, हो, फार. त्याला माझा सूर कळला नाही.

मी परत निरोप पाठवला, या वेळी आवाज रेकॉर्ड करून. नाना, पोलादाचं पाहिजे, बांबूचं नको. जरा तोऱ्यातच बोलले. दुसऱ्या पार्सलमध्ये परत बांबू. फक्त टोकाला चीर पाडलेली, चित्रात होती तशी आणि तेवढीच बारीक. मला काही उमगेना. टोमणा मारणारा माणूस एवढी सुबक चीर कशाला पाडेल? नाना विसरायला लागलेत का? वय झालंय, चित्रात काय लिहिलंय ते कळत नाही का? नवरा म्हणाला, कुरिअरने एवढं आलंय, वापर आणि सोड. तो पुण्याचा आहे, त्याला कामटी म्हणजे फक्त कामटीच दिसते.

मग अडीच महिने काहीच आलं नाही. मी फोन करायची, आईशी बोलायची, नाना कुठे म्हणून विचारायची आणि नवीन बहाणा ऐकायची. आणि मग तिसरं पार्सल. सायकलच्या आऱ्याचं अवजार, पोलादी, पण चीर एका बाजूला सरकलेली. नानांच्या हातून असं काही होणं शक्य नव्हतं. मी ते खिशात ठेवलं, हेंकला दाखवलं नाही. आता रागही नीट येत नव्हता. भीती वाटत होती, पण कशाची ते सांगता येत नव्हतं.

चौथ्या पार्सलमधलं अवजार मात्र असं होतं की हेंक ते उजेडात बघायला खिडकीपाशी घेऊन गेला. चीर मधोमध, टोकाला बरोबर पाणी दिलेलं, ना ठिसूळ ना मऊ, आणि मुठीला सुती दोरा घट्ट गुंडाळलेला. मागच्या रांगेतल्या पात्या एका दिवसात लागल्या, मशिन वाजायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, नानांचा राग गेला. मी घरी फोन केला. आई म्हणाली, नाना झोपलेत.

भर दुपारी, दुकान उघडं असायच्या वेळी.

ते अवजार मी महिनाभर वापरलं. मुठीचा दोरा तेलाने काळा झाला म्हणून एक दिवस तो बदलायला घेतला. शेवट शोधते तर गाठच दिसेना. नाना दोरा बांधतात तेव्हा तीन गाठी मारतात आणि पकडीने कापतात, वर शेंडी राहते. आमच्या दुकानातली मोटार उघडली की ती शेंडी बघूनच मी ओळखायचे. इथे दोऱ्याचं टोक आतल्या आत सरकवून ओढून घेतलेलं होतं. असं एकच माणूस करतं. लोणच्याच्या बरणीचं फडकं, गोधडीचा काठ, माझ्या शाळेच्या वेण्या, सगळं आईने असंच बांधलं. मी स्टुलावर बसले. हेंकने कॉफी आणून ठेवली आणि तो बाहेर गेला.

रवीला कामावरच फोन लावला. अवजारं कोण करतंय, विचारलं. तो कारखान्याच्या फाटकाबाहेर आला. मग म्हणाला, "ताई, आईलाच विचार. मी सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही."

आईने या वेळी व्हिडिओ लावला. कॅमेऱ्याला काही झालेलं नव्हतं. आई दुकानात नानांच्या जागेवर, नानांच्या लाकडी पाटावर बसली होती. मागे खुर्चीत नाना होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूने जरा ओढलेलं. मी घराची बातमी दिली त्याच्या चौथ्या दिवशी ते दुकानात पडले होते. अर्धांगवायू. हात गेला, बोलणं गेलं. आणि मी नऊ महिने समजत होते की ते माझ्याशी अबोला धरून बसलेत.

"त्यास्नीच सांगेल व्हतं, पोरले सांगू नका," आई म्हणाली. मग स्वतःच थांबली, कारण नाना काही सांगू शकत नव्हते. हाताने खुणावलं, म्हणाली. मी खूप ओरडले. ती ऐकत राहिली, मधे कामटी घासत राहिली. माझं ओरडून झाल्यावर तिने सरळ सांगितलं. चित्र आलं तेव्हा नाना अंथरुणावर होते. फोटो पाहून सारखे दुकानाकडे बोट दाखवायला लागले. पोरीने मागितलंय आणि कोणी करायचं? मोटारींच्या खाचांचा कागद कापणं आणि बांबू तासणं आईने चाळीस वर्षं केलं होतं, पण दुकानाच्या लोखंडाच्या बाजूला ती कधी फिरकली नव्हती. ती बाजू नानांची. मग जे येत होतं त्यात तिने केलं. नानांनी त्या कामट्या डाव्या हाताने फेकून दिल्या. तिने उचलून मला पाठवल्या, मी वाट बघत असेन म्हणून. नंतर तिने ग्राइंडर चालवून पाहिला, बोट कापून घेतलं, रवीकडून जळगावच्या सराफ बाजारातून सोनाराची बारीक करवत मागवली. एक एक तुकडा नानांच्या डाव्या हातात द्यायची, ते चाचपून बघायचे आणि फेकायचे. माझ्याकडे आलेलं शेवटचं अवजार अकरावं होतं. "मी नही करसू तं कोन करी?" म्हणाली.

मला तेव्हा काय वाटलं ते धड सांगता येत नाही. लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला, पण तो कोणाचा वाटायचा तेच कळेना. नऊ महिने मी आईच्या हातचं काम हातात घेऊन नानांची आठवण काढत होते. फोनवर दर रविवारी भेटणाऱ्या बाईला 'नाना कुठे' एवढंच विचारत होते. तिला काय येतं, हे मला चाळीस वर्षांच्या दुकानाने दाखवलं नाही आणि मीही कधी पाहिलं नाही. हेंक अजून 'नानांचं टूल' म्हणतो. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करते.

पण माझा प्रश्न तसाच होता. मी म्हटलं, आई, फोन नानांकडे धर. त्यांना सरळ विचारलं, नाना, मी इथे घर घेतलं म्हणून रागावलात का? नानांनी तोंड उघडलं. आवाज निघाला, शब्द फुटेना. आई पटकन म्हणाली, "ते इचारतस, पाती नीट व्हयनी का?" मी म्हटलं, झाली नाना, मशिन चालू झालं. नानांनी मान जोरात हलवली. तसं नाही. परत काहीतरी बोलले. आई म्हणाली, "घर मोठं शे का म्हनतस." नानांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली. आईकडे असं पाहिलं की ती जागच्या जागी गप्प झाली. मग त्यांनी फोनजवळ तोंड आणलं आणि एक एक अक्षर ओढत काढलं. या वेळी आईने मधे तोंड घातलं नाही आणि मला ते स्वच्छ कळलं.

"येशी का?"

आई लगेच म्हणाली, तिला सुट्टी नसते हो, घराचं काम चाललंय तिच्या. म्हणजे ती नऊ महिने हेच करत होती. नाना रोज विचारत होते आणि ती ते माझ्यापर्यंत येऊ देत नव्हती, मला इथे चैन पडणार नाही म्हणून. नाना रागावले होते की नव्हते, ते मला अजून माहीत नाही. आई म्हणते, घराची बातमी ऐकून त्यांनी दुकानात पेढे वाटले होते. हे खरं की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं, तेही आता ओळखता येत नाही. पूर्वी मी म्हणायचे, माझं घर भडगावला आहे आणि राहते आइंडहोवनला. नंतर काही दिवस उलटं म्हणून पाहिलं, तेही जमलं नाही. आता एवढंच कळतं की नानांनी विचारलं त्या क्षणी मी काहीही न ठरवता हो म्हटलं होतं.

तिकीट पोळ्याच्या आधीचं काढलंय. येताना काय आणू, असं मी आईला दर वेळी विचारते. सहा वर्षांत तिने काही म्हणजे काही मागितलं नाही, चॉकलेट नको, स्वेटर नको, तू ये म्हणजे झालं. या वेळी ती उठली. नानांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आली.

"एक बारीक कानस आनजो," म्हणाली. "त्यास्नी कानस मना हातले मोठी पडस. मना हातमा बसी अशी आनजो."